हरळीला मोजून, उसाला मोकाट



जानेवारीत लग्नासाठी पुण्याकडं गेलो होतो. भाचा बीएस्सी ॲग्री झालाय, तिकडंच एका छोट्या खासगी गोल्फ कोर्सवर सुपरवायझर आहे. म्हणाला, "मामा, चला, आमचं रान दाखवतो." खरं सांगतो, मी गेलो ते भांडायच्या तयारीनंच. २०१६ च्या दुष्काळात आपली उजनी मृतसाठ्यात होती, तेव्हा हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवा म्हणून आदेश दिला होता. म्हटलं, या गवताला किती पाणी जातंय ते बघू आणि पेजवर चांगलं झोडपू.

गेलो, खाली वाकून बघितलं तर काय, हरळी! जिच्यापायी आमच्या वडिलांनी अख्खा उन्हाळा कुदळ मारली, आपण ग्लायफोसेट मारून दमलो, तीच. सुधारित संकरित जात आहे, पण घराणं तेच. ग्रीनवर ती तीन-चार मिलिमीटरवर कापतात. खाली फूटभर वाळू, त्याखाली खडी आणि निचऱ्याचे पाइप. हरळीला एवढा थाट बघून हसायलाच आलं.

मग पाण्याचं विचारलं. भाच्यानं मोबाइल काढला. कालचं बाष्पीभवन एवढं, मातीत ओल एवढी, म्हणून आज रात्री ३ मि.मी. द्यायचं. उन्हाळ्यात ५-६ वर जातं, पाऊस झाला की बंद. पाणी शेजारच्या सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करून घेतलेलं. (बोअर उपसून गवत भिजवणाऱ्यांना माझा विरोध आजही आहे.)

परत येताना गाडीत हिशोब मांडला. १ मि.मी. म्हणजे एकरी साधारण ४,००० लिटर. म्हणजे त्यांचं १५ दिवसांचं झालं एकरी १ लाख ८० हजार. आणि मी? त्याच थंडीत उसाच्या सऱ्या तुडुंब भरल्या होत्या. ८ सेंटिमीटर धरलं तरी एका पाण्याला एकरी सव्वातीन लाख लिटर. पीक जेवढं पितं त्याच्या वरचं गेलं खाली, खतासकट. माझं तळाचं एकर आज चिबड आहे, तिथं वाफसाच येत नाही. ते नशिबानं नाही, माझ्या दाऱ्यानं झालंय.

आता कुणी म्हणेल, त्यांच्याकडं पैसा आहे, रात्रभर लाइट आहे. बरोबर आहे. आपल्याला लाइट अवेळी आणि कॅनॉलच्या पाळीचा भरवसा नाही, त्यामुळं माणूस आलेलं पाणी हावऱ्यासारखं भरून घेतो. पाळीची तारीख पक्की मिळाली तर निम्मे लोक आपोआप कमी भरतील, असं माझं मत आहे. पण माझी तर विहीर आहे, ठिबकही आहे. तरी वडीलधारे म्हणतात, "सरी भिजलेली दिसली पाहिजे," आणि मी व्हॉल्व्ह चालूच ठेवतो. मला कुठली सबब?

साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात आपण ऊस लावतो, आणि ओल बघायला साधी सळईसुद्धा रानात खुपसत नाही.

या हंगामात दोन एकरांवर टेन्सिओमीटर बसवतोय. भारी काळ्या रानात भेगा पडल्या की तो हवा धरतो, असं ऐकलंय. कुणी उसात वापरला असेल तर किती खोल बसवला आणि कितीवर काटा आल्यावर पाणी सोडलं, तेवढं सांगा.