भंगार कोण ठरवणार?

गेल्या महिन्यात घाटकोपरला अभ्यासवर्ग आटोपल्यावर चहा चालला असताना एका तरुण कार्यकर्त्याने काहीशा संकोचाने एक बातमी सांगितली. त्याने मोटार घेतली होती. २००५ सालची मारुती ८००, किंमत रुपये ४५ हजार. ज्येष्ठ साथींपैकी दोघांनी त्याला लगेच दोन बाजूंनी घेरले. एकाचे म्हणणे, मोटारीची हौस समाजवाद्याला शोभत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, धूर ओकणारी असली डबडी शासन मोडीत काढत आहे ते योग्यच आहे. निदान पर्यावरणाच्या बाबतीत तरी आपण शासनाच्या आड येऊ नये. मुलगा मान खाली घालून गप्प बसला. वस्तुतः ही गाडी शोधताना चार रविवार मी त्याच्याबरोबर हिंडलो होतो. तरीही मीदेखील गप्प बसलो. त्या मौनाची टोचणी लागून राहिली, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. हा मुलगा विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो आणि वीजजोडणीची कामे करतो. वडील अर्धांगवायूने एका बाजूने लुळे झालेले. त्यांना दर आठवड्याला राजावाडी रुग्णालयात न्यावे लागते. रिक्षात बसवताना-उतरवताना होणारे हाल त्याने दोन वर्षे पाहिले. नव्या मोटारीचे हप्ते त्याच्या मिळकतीत बसणारे नव्हते. म्हणून त्याने ठरवले की जुनी, स्वस्त, पण सांगाडा शाबूत असलेली गाडी घ्यायची आणि कामाचे पैसे हाती येतील तसतशी, शक्य तितकी स्वतःच्या हातांनी, ती सुधारत न्यायची. या महिन्यात ब्रेक, पुढच्या महिन्यात क्लच, पावसाळ्यापूर्वी पत्र्याचे काम. याला हौस म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. मला ती काटकसर वाटते, आणि शिक्षणही.

त्या चार रविवारांत आम्ही मुलुंडपासून अंधेरीपर्यंत आणि पुढे बोरिवलीपर्यंत निदान पंधरा गाड्या पाहिल्या. जन्मभर वर्गात बाजारपेठेचा सिद्धान्त शिकवलेल्या मला बाजार कळला तो तेव्हा. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतो आणि कमीच किंमत देऊ करतो. परिणामी चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि उरतो तो खराब माल. या विचारासाठी पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. एका विक्रेत्याने आम्हाला दाखवलेली चकचकीत गाडी म्हणजे त्या निबंधाचे प्रात्यक्षिकच होते. रंग नवा, आसने नवी, मीटरवर जेमतेम ३८ हजार किलोमीटर. आमच्या सोबत साकीनाक्याचे एक वृद्ध मेकॅनिक होते. त्यांनी रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. पायाखालची चटई उचलली, आसनाच्या रुळांवरून बोट फिरवले आणि ते बोट आमच्यापुढे धरले. त्यावर वाळलेला बारीक गाळ होता. गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली होती.

उपनगरांत राहणाऱ्यांना हा गाळ अपरिचित नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ला, कलिना, साकीनाका या भागांत किती मोटारी बुडाल्या हे आपण पाहिले आहे. पाण्यातून निघालेली गाडी धुऊन-पुसून विकली जाते आणि तिचा रोग दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. त्या मेकॅनिकनी आम्हाला जे शिकवले ते कोणत्याही पदवीपेक्षा उपयोगी होते. गाडी पाहायला जायचे ते सकाळी, इंजिन थंड असताना. एक्झॉस्टमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन तेल जाळते आहे, म्हणजे रिंग-पिस्टनचा खर्च आलाच. बॅटरीखालचा आणि पायाखालचा पत्रा ठोकून पाहायचा. इंजिन बदलता येते, सडलेला सांगाडा बदलता येत नाही. चासीचा क्रमांक आर.सी. पुस्तकाशी स्वतः पडताळायचा, बँकेचा बोजा उतरला आहे की नाही ते पाहायचे, आणि गाडी आपल्या नावावर होईपर्यंत व्यवहार पुरा झाला असे मानायचे नाही. अखेर जी गाडी घेतली ती २००५च्या नोव्हेंबरात नोंदलेली, म्हणजे त्या महापुरानंतरची. रंग उडालेला, एक दार चेपलेले. पण खालचा पत्रा कोरडा.

आता या व्यवहारात पैसा कोठे जातो ते पाहा. नव्या गाडीचा पैसा कारखानदाराकडे आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडे जातो. जुन्या गाडीवर खर्च होणाऱ्या रुपयाचा मोठा हिस्सा पत्रा ठोकणाऱ्याला, रंगाऱ्याला, वेल्डरला, लेथवाल्याला, जुने सुटे भाग विकणाऱ्याला मिळतो. कुर्ला, साकीनाका, जोगेश्वरी, मुलुंड येथील गल्ल्यांतून ही माणसे दोन-दोन पिढ्या हा धंदा करीत आहेत. त्यांना भविष्यनिर्वाह निधी नाही, संघटना नाही. आहे ते फक्त हातातले कसब.

हे कसब आभाळातून पडलेले नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. त्या काळी फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि हाती आलेली गाडी मोडीत काढण्याचा विचार कोणी स्वप्नातही करीत नसे. सत्तरच्या दशकात तीच गाडी पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी होऊन शहरभर धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरताच ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी वृत्तपत्रांनी भावपूर्ण मजकूर छापला. कारखाना बंद पडून त्याच्या जागेवर इमारती आल्या, कामगार पांगले, याबद्दल मात्र दोन अश्रूही कोणी ढाळले नाहीत. कामगारांचे कसब गल्ल्यांतल्या गॅरेजांत आजवर जिवंत आहे ते जुन्या गाड्या आहेत म्हणून.

आणि याच वेळी शासन काय करीत आहे? २०२१ साली केंद्राने वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. आमच्या कार्यकर्त्याच्या गाडीला नोव्हेंबरात वीस वर्षे पुरी झाली, म्हणजे ४५ हजारांच्या गाडीवर १० हजार शुल्क, किमतीच्या पाचव्या हिश्शाहून अधिक! दरम्यान पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. जुन्या गाडीतील रबरी नळ्या आणि गॅस्केटे त्यासाठी घडवलेली नव्हती. ती बदलण्याचा खर्चही मालकाच्याच माथी.

याची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. जुन्या मोटारीचे शुल्क दुप्पट झाल्यानंतर महिनाभरातच, २२ सप्टेंबर २०२५ पासून, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. लहान नव्या गाडीवरचा कर १८ टक्क्यांवर आला, हे ठीक. परंतु मोठ्या आलिशान एस.यू.व्ही.वर पूर्वी कर आणि उपकर मिळून ५० टक्क्यांपर्यंत आकारणी होती, ती ४० टक्के झाली. पन्नास लाखांची गाडी घेणाऱ्याला सवलत आणि पन्नास हजारांची घेणाऱ्याला दंड! गाडी मोडीत काढणाऱ्याला कर-सवलतीचे आमिष आहे, पण ती सवलत वटते नव्या गाडीच्या खरेदीतच. ज्याला नवी गाडी परवडतच नाही त्याने करायचे काय? या धोरणाला पर्यावरणाचे नाव आहे. त्याचा गाभा मात्र कारखानदाराला गिऱ्हाईक मिळवून देण्याचा आहे.

असा प्रयोग अमेरिकेत २००९ साली झाला. मंदीत सापडलेल्या मोटार उद्योगाला हात देण्यासाठी तेथील शासनाने ३ अब्ज डॉलर खर्चून सुमारे पावणेसात लाख जुन्या गाड्या घेतल्या आणि त्यांच्या इंजिनांत सोडियम सिलिकेट ओतून ती कायमची निकामी केली. अतिफ मियाँ आणि आमिर सूफी या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशेब मांडला. त्यात आढळले की वाढलेली खरेदी म्हणजे थोड्याच दिवसांनी होणारी खरेदी अलीकडे ओढली गेली, इतकेच. योजना संपून सात महिने होतात न होतात तोच तिचा परिणाम जवळजवळ पुसला गेला होता. चालू इंजिने मात्र गेली ती गेलीच.

आता आपल्या साथींच्या आक्षेपांकडे वळतो, कारण ते प्रामाणिक आहेत. पहिला प्रदूषणाचा. जुन्या तंत्राची गाडी दर किलोमीटरला अधिक विषारी वायू सोडते हे मी नाकारीत नाही. १९९५ पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक यंत्रणाच नव्हती. २०२० पासूनची भारत स्टेज सहाची गाडी त्यांच्या तुलनेत कितीतरी स्वच्छ आहे. उपनगरांतील मुलांच्या छातीत जाणारा धूर हा आपलाही प्रश्न आहे. परंतु धूर मोजायचा तो नळीच्या तोंडाशी, जन्मदाखल्यावर नव्हे. आठवड्यातून एकदा विक्रोळीहून राजावाडीला जाणारी, नीट राखलेली गाडी आणि रोज बोरिवलीहून नरिमन पॉइंटपर्यंत एकट्या माणसाला वाहून नेणारी दोन टनांची नवी गाडी, यांतील कोणती शहराचा अधिक श्वास घेते? नवी गाडी घडवताना लागणारे पोलाद, वीज आणि पाणी यांचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून वयोमर्यादा उलटलेल्या वाहनांना पंपावर इंधन नाकारण्याचा हुकूम निघाला आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच तो आवरता घ्यावा लागला. आपल्याकडेही महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करता येतील का याचा विचार करण्यासाठी राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. दिल्लीचा हुकूम येथे उतरण्याआधीच आपण आपली भूमिका ठरवली पाहिजे.

दुसरा आक्षेप चैनीचा. मोटार हे सार्वजनिक प्रश्नाचे उत्तर नाही, हे मी तत्त्वतः मान्य करतो. किंबहुना या मुलाच्या घरापासून रुग्णालयापर्यंत वेळेवर येणारी, लुळ्या माणसाला चढता येईल अशी बस असती तर त्याने ही गाडी घेतली नसती. पण बेस्टचा स्वतःचा ताफा वर्षानुवर्षे आटत गेला, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. बस काढून घ्यायची, जुनी गाडी घेतली तर दंड करायचा आणि कर्ज काढून नवी घे म्हणायचे, या तीन गोष्टी एकाच धोरणाची अंगे आहेत. अशा वेळी आपण त्या मुलाला साधेपणाचा उपदेश करणे म्हणजे दरोडेखोराला सोडून लुटल्या गेलेल्याची झडती घेणे होय. अमेरिकेने व्यापारबंदी लादल्यावर क्यूबातील मेकॅनिकांनी पन्नासच्या दशकातल्या मोटारी पिढ्यान्‌पिढ्या चालत्या ठेवल्या, याचे आपण कौतुकाने दाखले देतो. तेच कसब साकीनाक्याला दिसले की आपण नाक मुरडायचे, हा कोणता न्याय?

म्हणून या प्रश्नावर कार्यकर्त्यांनी चार मागण्या घेऊन उभे राहावे असे मला वाटते. एक, गाडीचे वय नव्हे तर तिची अवस्था हाच निकष असावा; तपासणी कडक, प्रामाणिक आणि दलालमुक्त व्हावी. दोन, फेरनोंदणीचे शुल्क वाहनाच्या किमतीशी आणि आकाराशी जोडावे, वयाशी नव्हे. तीन, गॅरेज कामगारांची नोंदणी करून त्यांना सामाजिक सुरक्षा आणि नव्या विद्युत तंत्राचे प्रशिक्षण द्यावे, म्हणजे उद्याची गाडीही त्यांच्या हातून दुरुस्त होईल. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, बेस्टचा स्वतःचा ताफा पुन्हा उभारावा. पहिल्या तीन मागण्या चौथीवाचून अपुऱ्या आहेत, हे विसरता कामा नये.

गेल्या रविवारी मी कन्नमवार नगरात गेलो होतो. गाडी जॅकवर चढवलेली होती आणि मुलगा खाली आडवा होऊन ब्रेकची नळी बसवीत होता. वडील खुर्चीवर बसून चांगल्या हाताने त्याला पाने काढून देत होते. चहाच्या वेळी मुलाने मला विचारले, "सर, त्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. अभ्यासवर्गातील त्या दोन्ही साथींना माझी विनंती आहे की पुढच्या रविवारी त्यांनीही तेथे यावे, आणि त्या अंगणातील कोणती वस्तू भंगारात टाकायची ते बापलेकांच्या समोर सांगावे.