मोडेम, पण वाकणार नाही

माणूस गेला की त्याच्याविषयी चार शब्द चांगले बोलावेत, अशी आपल्याकडे रीत आहे. हयातीत ज्याने चाळीतल्या एकालाही सुखाने झोपू दिलं नाही, त्याच्याबद्दलसुद्धा तेराव्याला ‘माणूस तसा मनाचा मोकळा होता’ असं कुणीतरी म्हणतंच. यंत्रांच्या नशिबी हे भाग्य नाही. ३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या एओएल कंपनीने टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणारी आपली डायल-अप सेवा बंद केली. लगेच इकडच्या मंडळींना त्या जुन्या मोडेमची आठवण झाली, आणि जो तो त्याच्या आवाजाची टिंगल करू लागला. कुणी म्हणालं, मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखा ओरडायचा. कुणी म्हणालं, पत्र्यावर खिळा घासल्यासारखा. आमच्या शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्याने तर “काय तुम्ही लोकांनी सहन केलंत!” असं अशा सुरात विचारलं, की आम्ही जणू पानिपतावरून परत आलो होतो.

या सगळ्यांचा मी जाहीर निषेध करतो. मोडेम ओरडत होता, हे खरं. पण तो खरं बोलत ओरडत होता. आजची यंत्रं गोड हसतात आणि काहीही सांगत नाहीत. दोघांपैकी घरात कुणाला ठेवावं, असं मला विचाराल तर मी ओरडणाऱ्याला ठेवीन. संसार करून वीस वर्षं झालेल्या कुठल्याही गृहस्थाला याचं कारण समजावून सांगावं लागू नये.

आधी त्या आवाजाविषयी. तो गोंगाट नव्हता, ती बैठक होती. लग्नाच्या बैठकीत जे तीन रविवार चालतं, ते मोडेम अर्ध्या मिनिटात उरकत असे. आपला मोडेम फोन उचलायचा, डायल टोन ऐकायचा, नंबर फिरवायचा. पलीकडचा मोडेम एक लांब सूर लावायचा. तो सूर २१०० हर्ट्झचा. त्याचा अर्थ असा, की वाटेत टेलिफोनवाल्यांनी प्रतिध्वनी दाबायला जी उपकरणं बसवली आहेत, त्यांनी आता बाजूला बसावं, मोठी माणसं बोलताहेत. मग दोघं एकमेकांचं शिक्षण विचारायचे : तुला कुठला वेग येतो, कुठली पद्धत येते? मग खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सूर पाठवून ही तार कुठला सूर पोचवते आणि कुठला वाटेतच खाते, याची तपासणी व्हायची. शेवटी दोघांना झेपेल असा वेग ठरायचा, आणि खरखर सुरू होता होता आवाज बंद. कारखान्यातून येतानाच मोडेमला तशी शिकवण असे : जमेपर्यंत बोलायचं, जमलं की गप्प बसायचं. हा गुण किती सभासदांत, वक्त्यांत आणि व्याह्यांत आढळतो, ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

ज्यांना तेवढाही आवाज नको असेल, त्यांच्यासाठी ‘एटी एम शून्य’ असा हुकूम होता. तो दिला की मोडेम मुकाट काम करी. हे ‘एटी’ म्हणजे ‘अटेन्शन’. १९८१ साली अमेरिकेत हेज कंपनीने स्मार्टमोडेम काढला. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण तीस अक्षरं. त्याने ही पद्धत रूढ केली. आधी ‘सावधान’ म्हणायचं, मग काम सांगायचं. आजकाल उलट आहे. यंत्र आपल्याला सावधान म्हणतं, आणि काम आपण करायचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा सत्यवचनी होता, तर त्याच्या खोक्यावर ‘५६ के’ छापलेलं असायचं त्याचं काय? रास्त प्रश्न आहे. मी कॉमर्सचा विद्यार्थी. १९९९ साली आतेभावाबरोबर ठाण्याहून लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर मोडेम घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदार ‘छप्पन, छप्पन’ असं ज्या भक्तिभावाने म्हणत होता, तेवढ्या भक्तिभावाने लोक छप्पन भोगांचाही उच्चार करत नाहीत. आता या छप्पनाचा हिशेब पाहा. एक, हे छप्पन हजार बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे झाले सात हजार बाइट. दोन, हा वेग फक्त येणाऱ्या मालाचा. जाणाऱ्या मालाचा ३३.६. तीन, अमेरिकेत तारेवरच्या विजेच्या पातळीला सरकारी मर्यादा होती, त्यामुळे तिथेसुद्धा तो ५३.३ च्या वर जात नसे. चार, हेही केव्हा, तर घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तार चांगली असेल आणि तिथून पुढे सगळा मामला डिजिटल असेल तर. एक्स्चेंज आपला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतं. त्यातले सात-सात बिट वापरले की ५६००० होतात. गणित बरोबर, पण ते एक्स्चेंजच्या घरचं. आपल्या घरी येईपर्यंत त्यातून बरंच काही कापलं जायचं, पगारातून कापलं जातं तसं.

त्यात १९९७ साली या छप्पनाच्या दोन जाती निघाल्या : एकीचं नाव एक्स-टू, दुसरीचं के-फिफ्टीसिक्स-फ्लेक्स. एका जातीचा मोडेम दुसऱ्या जातीच्या मोडेमशी छप्पनाच्या भाषेत बोलत नसे. दोघांचा वेग जुन्या पायरीवर उतरायचा. १९९८ साली ‘व्ही ९०’ हा समान कायदा झाला, तेव्हा कुठे रोटीव्यवहार सुरू झाला.

पण यातली गोम लक्षात घ्या. खोटं बोललं ते खोकं. मोडेम नव्हे! जोडणी झाली की मोडेम स्वतः पडद्यावर लिहून द्यायचा : ‘कनेक्ट ४४०००’. खोक्यावर छप्पन, पडद्यावर चव्वेचाळीस. स्वतःच्या मालकाची जाहिरात स्वतःच्या तोंडाने खोडून काढणारा दुसरा नोकर मी पाहिलेला नाही. काही मोडेम ‘११५२००’ असा आकडा दाखवून खूश करत, तोही खोटा नव्हता. तो संगणकापासून मोडेमपर्यंतच्या वायरचा वेग होता. म्हणजे घरातून रिक्षास्टँडपर्यंत आपण किती जोरात धावलो, ते. पुढे घोडबंदर रोडला काय झालं, ते वेगळं विचारायचं. पण विचारलं की सांगायचा.

म्हणूनच मोडेम निवडताना माझा आतेभाऊ एका गोष्टीवर अडून बसला. आतल्या खाचेत बसणारा स्वस्त मोडेम नको, बाहेर टेबलावर बसणारा हवा. आतला स्वस्त मोडेम बहुधा सॉफ्टमोडेम असे. स्वतःला डोकं नाही, सगळा विचार संगणकाच्या डोक्याने करायचा. घरजावयासारखा. खर्च सासऱ्याचा आणि चालक प्रणाली बदलली की हातपाय गाळून बसायचा. बाहेरच्या मोडेमच्या कपाळावर दिव्यांची रांग असे. एक दिवा फोन उचलला आहे हे सांगायचा, दुसरा पलीकडचा सूर लागला आहे हे सांगायचा, तिसरा माल जातोय, चौथा माल येतोय. कपाळ वाचून नशीब कळणारं यंत्र तेवढं एकच झालं.

आणि बिघडला की? इथेच माझा खरा मुद्दा आहे. जोडणी फसली की मोडेम चार प्रकारे सांगत असे. ‘नो डायल टोन’ म्हणजे घरची तार, खटका, जोडणी पाहा, नाहीतर वायरमनला हाक मारा. ‘बिझी’ म्हणजे घरचं सगळं ठीक आहे, पलीकडे गर्दी आहे, चहा घेऊन या. ‘नो आन्सर’ म्हणजे घंटा वाजते आहे, कुणी उचलत नाही. ‘नो कॅरिअर’ म्हणजे उचललं, पण सूर जुळला नाही, किंवा जुळलेला मध्येच तुटला. चार शब्द, चार आजार, चार वेगळे वैद्य. आमच्या पहिल्याच दिवशी टोन कानाला स्वच्छ ऐकू येत असताना मोडेम ‘नो डायल टोन’ म्हणून हटून बसला. कारण तो अमेरिकी टोनवर वाढलेला, आपल्या टोनला टोन मानायलाच तयार नाही. आतेभावाने ‘एटी एक्स तीन’ असा हुकूम दिला, म्हणजे टोनची वाट न पाहता नंबर फिरव. फिरला. कारण सांगितलं होतं, म्हणून उपाय सापडला.

हे तांत्रिक आहे, सामान्य माणसाला काय कळणार, असं म्हणणाऱ्यांना माझ्या आत्याचं उदाहरण देतो. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. संगणकाला ती ‘ते टीव्हीसारखं’ म्हणायची. स्वयंपाकघरातल्या जोडफोनचा रिसीव्हर तिने उचलला की आमची जोडणी तुटायची आणि तिच्या कानात खरखर व्हायची. पहिल्यांदा तिने “फोनमध्ये कुणीतरी भाजी फोडणीला टाकतंय” म्हणून तो खाली ठेवला. पण दोन महिन्यांत तीच ओट्यापासून ओरडून विचारू लागली, “काय रे, बिझी म्हणतोय की कॅरिअर नाही म्हणतोय? बिझी म्हणत असेल तर मी तेवढ्यात ताईला फोन करून घेते.” पावसाळ्यात तारेत पाणी शिरून वेग चव्वेचाळीसवरून सव्वीसवर आला, की ती म्हणायची, “आज चढ आहे वाटतं.” लोकांना कळत नाही म्हणून सांगायचं नाही, हा युक्तिवादच उलटा आहे. सांगत गेलं की कळतं.

आता आजची तऱ्हा पाहा. वेग वाढला, कबूल. आज घरोघरी १०० मेगाबिट आहेत, म्हणजे आमच्या त्या चव्वेचाळीसच्या दोन हजार पटींहून अधिक. पण बिघडलं की पडद्यावर काय येतं? ‘अरेरे! काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ काय चुकलं? कुणाचं चुकलं? थोडा वेळ म्हणजे किती? शेजारी एक गोल फिरत असतो, आंधळी कोशिंबिरीतल्या गड्यासारखा. फोन करावा तर पलीकडची बाई विचारते, “सर, राउटर बंद करून पुन्हा चालू केलात का?” हा एकच काढा, सर्दीलाही आणि मोडलेल्या हाडालाही.

यंत्राचं सोडा, पण ही भाषा आता माणसांना लागली आहे. आमच्या काउंटरवर नोव्हेंबरात पेन्शनर येतात, हयातीचा दाखला द्यायला. अंगठा यंत्रावर ठेवायचा. कधी अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, कधी नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त असतं, कधी खरोखरच लाइन गेलेली असते. तीन निरनिराळी कारणं. पण पडद्यावर तिन्हींना एकच वाक्य येतं, आणि काउंटरवरून तिन्हींना एकच उत्तर जातं : “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” ज्याची लाइन गेली तो उद्या आला तर चालेल. ज्याचा अंगठाच झिजला आहे, तो उद्या, परवा, तेरवा येऊन काय करणार? अंगठा काही रात्रीत वाढत नाही. त्याला बोटं बदलून पाहा, नाहीतर कागदावर दाखला भरून द्या, असं सांगायला हवं. ते सांगायचं तर आधी कारण कळायला हवं. ऐंशी वर्षांचा माणूस काठी टेकत तिसऱ्यांदा जिना चढतो, तेव्हा त्या ‘काहीतरी चुकलं’ची किंमत कळते. ती कंपनी भरत नाही, त्याचे गुडघे भरतात.

बँकेत आम्ही आणखी एक गोष्ट परत करतो : चेक. पण चेक परत करताना आम्हाला ‘काहीतरी चुकलं’ म्हणता येत नाही. सोबत मेमो लावावा लागतो. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख उलटून गेली, अक्षरी व अंकी रकमेत फरक. ज्या कारणाने परत केला ते कारण लेखी. मग गिऱ्हाईक आमच्याशी भांडतं, पण मुद्द्यावर भांडतं. शंभर रुपयांच्या चेकला जो मान मिळतो, तो माणसाला मिळू नये?

तेव्हा माझं मागणं त्या जुन्या किंचाळीचं नाही. ती खुशाल जाऊ द्या, तिच्यासाठी गळा काढणाऱ्यांतला मी नव्हे. प्रत्येक यंत्राने बिघडावं, तो त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. फक्त बिघडताना तीन गोष्टी सांगाव्यात : काय बिघडलं, कुणाकडचं बिघडलं, आणि मी आता तार तपासू, चहा पिऊ की वायरमनला बोलावू. चाळीस वर्षांपूर्वीच्या, सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं वाहणाऱ्या डबड्यालाही ‘नो कॅरिअर’ म्हणण्याइतकी सवड होती. तुमच्याकडे तर अक्षरांचा महापूर आहे. परत पाठवायचं तर पाठवा बापडे, पण मेमो लावून पाठवा.