पॉमेरेनियनचे रूप, त्याचा स्वभाव आणि आपले वय



मुलगा पुण्यास, मुलगी परदेशी आणि नवीन जालन्यातील प्रशस्त घरात आई-वडील दोघेच, किंवा दोघांपैकी एकच, अशी घरे आता आपल्या गल्लीगल्लीत दिसतात. दूरच्या मुलांना आई-वडिलांच्या एकटेपणाची काळजी वाटते आणि एखाद्या सुटीत ती टोपलीतून कापसाच्या गोळ्यासारखे एक पिल्लू आणून ठेवतात. "बाबा, तुम्हांला सोबत होईल." रक्तदाब मोजता मोजता मला विचारले जाते, "डॉक्टर, हे पामेरियन ठेवावे का?" मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्य नव्हे. तरीही हा प्रश्न निम्मा माझ्या कक्षेतला आहे, कारण त्यात आपली हाडे, आपली झोप, आपले मन आणि आपली उरलेली वर्षे गुंतलेली आहेत.

प्रथम त्याचे रूप पाहू. आपण ज्याला सर्रास ‘पामेरियन’ म्हणतो त्याचे मूळ नाव पॉमेरेनियन. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील पोमेरेनिया या प्रदेशावरून ते पडले. हा प्रदेश आज पोलंड आणि जर्मनी या दोन देशांत विभागलेला आहे. याचे पूर्वज थंड मुलुखातील, अंगाने बरेच मोठे कुत्रे होते. आजचा पॉमेरेनियन मात्र खांद्यापाशी जेमतेम वीतभर उंच, म्हणजे १८ ते २४ सेंटीमीटर, आणि वजनाने साधारण दीड ते सव्वातीन किलो असतो. कोल्ह्यासारखे निमुळते तोंड, लहान ताठ कान, काळेभोर चमकदार डोळे, मानेभोवती आयाळ आणि पाठीवर पंख्यासारखी पसरलेली शेपटी ही त्याची लक्षणे होत. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ आणि दाट, तर बाहेरचा लांब आणि सरळ.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या शहरांत पामेरियन म्हणून वावरणारे बहुसंख्य पांढरे कुत्रे हे वस्तुतः ‘इंडियन स्पिट्झ’ असतात. ‘हम आपके हैं कौन’ या १९९४च्या चित्रपटातील टफी आपल्याला आठवत असेल. तोही इंडियन स्पिट्झच होता. हा प्रकार पॉमेरेनियनचा जवळचा नातलग असला, तरी अंगाने मोठा, साधारणतः पाच ते सात किलोंचा आणि कधी त्याहूनही जड असतो. पिढ्यान्‌पिढ्या येथेच वाढल्यामुळे आपली हवा त्याला अधिक मानवते. म्हणून पिल्लू घेताना त्याचे आई-वडील प्रत्यक्ष पाहावेत. ‘हातभर राहील’ म्हणून आणलेले पिल्लू वर्षभरात दुप्पट-तिप्पट झाले, तर दोष पिल्लाचा नसतो.

आता स्वभाव. आपल्या परंपरेत कुत्रा आहे तो श्रीदत्तांच्या पायाशी, खंडोबाच्या सोबत आणि स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजांच्या मागे चालत गेलेला. तो राखण करणारा, चालणारा, अंगणातला कुत्रा. मांडीवर बसणारा कुत्रा ही कल्पना आपल्याकडे तुलनेने नवी आहे. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिने १८८८ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे पॉमेरेनियन पाहिला आणि मार्को नावाचा एक आपल्यासोबत नेला. तेव्हापासून या लहान आकाराची आवड फार वाढली. २२ जानेवारी १९०१ रोजी राणीने देह ठेवला, तेव्हा टुरी नावाचा तिचा पॉमेरेनियन तिच्या बिछान्यावर होता. चाळीस वर्षे वैधव्यात काढलेल्या एका वृद्धेला अखेरच्या घटकेला जवळ हवा होता तो एक लहानसा उबदार जीव. या जातीचा स्वभाव आणि म्हातारपणाची गरज कोठे जुळते, ते यावरून ध्यानात यावे.

पॉमेरेनियन हुशार, चपळ, उत्साही आणि एका माणसाला घट्ट धरून राहणारा असतो. त्याला आपल्या आकाराची जाणीव नसते. गल्लीतल्या दांडग्या कुत्र्यावरही तो धावून जातो. दाराची कडी वाजली, दूधवाला आला, जिन्यात पाऊल वाजले की तो भुंकणारच. ज्यांना ऐकू कमी येते त्यांना हे उपकारक ठरते. ज्यांची झोप आधीच तुटक आहे त्यांना ते जाचक होते. तो लाडावतोही लवकर. नातवंडाने अचानक उचलले, शेपटी ओढली, की दात लावतो. म्हणून अगदी लहान मुलांच्या हाती त्याला एकटे सोपवू नये. शिस्त पहिल्या वर्षातच लावावी लागते आणि घरातील सर्वांनी एकच नियम पाळावा लागतो.

जालन्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे आपण जाणताच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत त्याला सकाळी सूर्य वर येण्याआधी आणि सायंकाळी जमीन निवल्यावरच बाहेर न्यावे. रस्त्यावर आपल्या हाताची पालथी बाजू काही क्षण टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. उन्हाळा आला म्हणून त्याचे केस मुळापासून भादरू नयेत, कारण तेच थर त्याचे उन्हापासून रक्षण करतात; रोज विंचरणे पुरेसे असते. आणि पग किंवा शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या जाती आपल्या हवेत विचारपूर्वकच घ्याव्यात. त्यांना धापा टाकणेही कष्टाचे जाते.

आता माझ्या प्रांतातील गोष्टी.

पहिली गोष्ट पडण्याची. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, कुत्री आणि मांजरे यांच्यामुळे पडून तेथे दरवर्षी सुमारे ८६ हजार लोकांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागत होते आणि हाड मोडण्याचे प्रमाण पंचाहत्तरीपुढील लोकांत सर्वाधिक होते. वीतभर उंचीचा कुत्रा नेमका पायांत घुटमळतो. त्यात आपण रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची गोळी घेत असाल, तर रात्री झटकन उठताना भोवळ येऊ शकते. यावर उपाय साधे आहेत. त्याच्या गळ्यात लहानसे घुंगरू बांधावे, रात्री मंद दिवा लावून ठेवावा, उठण्यापूर्वी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावे आणि फिरावयास नेताना साखळी कधीही मनगटाला गुंडाळू नये. साखळी गळपट्ट्याऐवजी छातीच्या पट्ट्याला अडकवावी. या जातीची श्वासनलिका नाजूक असते आणि गळ्याला हिसका बसला की तो खोकू लागतो.

दुसरी गोष्ट दातांची आणि नखांची. "घरातलाच आहे, लहानसा आहे, त्याला काय होतंय," हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो आणि त्याला आकाराशी कर्तव्य नसते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस द्यावी आणि पुढील मात्रा पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्याव्यात. चावले किंवा ओरखडून रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तंबाखू काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ही लस सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळते. मधुमेहाने पावलांची संवेदना गेली असेल, तर त्याला पायाची जखम चाटू देऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर त्याची नखे नियमित कापून घ्यावीत.

तिसरी गोष्ट आपल्या गोळ्यांच्या डब्याची आणि प्रसादाच्या वाटीची. हातातून निसटलेली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी दोन किलोंच्या कुत्र्याला विष ठरू शकते. मनुका, द्राक्षे, चॉकलेट, कांदा, लसूण हेही त्याला अपायकारक आहेत. शिऱ्यातली मनुका प्रेमापोटीसुद्धा देऊ नये.

मग लाभ काही नाही काय? अवश्य आहे. अमेरिकेतील हृदयरोगविषयक प्रमुख संघटनेने २०१३ मध्ये असे निवेदन केले, की पाळीव प्राण्याची, विशेषतः कुत्र्याची, सोबत आणि हृदयविकाराचा कमी धोका यांचा संबंध असू शकतो. मात्र केवळ हृदयासाठी म्हणून कोणी प्राणी आणू नये, असेही त्याच निवेदनात बजावले. माझा अनुभव याहून वेगळा नाही. कुत्रा हे औषध नव्हे. परंतु सकाळी उठण्यास कारण देणारे कोणीतरी घरात असणे ही लहान गोष्ट नाही. जे रुग्ण माझ्या सांगण्याने कधी फिरावयास गेले नाहीत, ते कुत्र्याच्या हट्टापुढे निमूटपणे चपला घालतात.

परंतु याच ओढीची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. शहात्तर वर्षांच्या एका आजींच्या छातीत रात्री दुखू लागले. शेजाऱ्यांनी मला बोलाविले. तातडीने रुग्णालयात हलविणे आवश्यक होते. आजी मात्र पलंग सोडीनात. "मी गेले तर याला भाकरी कोण घालील?" असे म्हणत त्यांनी कुत्र्याला पोटाशी धरले होते. शेजारच्या सूनबाईंनी "मावशी, मी नेते त्याला माझ्याकडे," असे म्हणून पिल्लू उचलले, तेव्हा कोठे त्या रिक्षात बसल्या. आजी बऱ्या होऊन घरी आल्या. पण त्या रात्रीची वीस मिनिटे एका उत्तरावाचून गेली, आणि ते उत्तर आधीच ठरलेले असू शकले असते.

म्हणून पिल्लू देऊ पाहणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. हा जीव बारा ते सोळा वर्षे जगतो. आपल्या वडिलांचे वय बहात्तर असेल, तर बेरीज आपणच करावी. आई-वडील आजारी पडले, गावाला गेले किंवा राहिले नाहीत, तर त्याला कोण सांभाळणार, त्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने आजच ठरवावे आणि दूरध्वनी क्रमांकासह दारामागे लिहून ठेवावे. लसीचा, औषधाचा आणि खाण्याचा खर्च दरमहा पाठवावा. आणि शक्य असल्यास पिल्लू न आणता पाच-सहा वर्षांचा, शांत झालेला कुत्रा घरी आणावा. त्याचा स्वभाव आधीच कळतो आणि दोघांची वयेही जुळतात.

ज्येष्ठांनाही एक विनंती. नको असेल तर स्पष्ट "नको" म्हणा. मुलांचे मन राखण्यासाठी स्वीकारलेला जीव दोघांनाही जड होतो. हवा असेल तर मात्र संकोच नको. आणि पुढे कधी तो आपल्याआधी गेला आणि डोळ्यांत पाणी आले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. महिना उलटूनही जेवण-झोप रुळावर आली नाही, तर दवाखान्यात येऊन तसे सांगा. मी त्याचीही नोंद रक्तदाबाइतक्याच गांभीर्याने घेतो.