कसब नाही म्हणता, पण शिकू दिले कोणी?

परळ-लालबागच्या गिरण्यांत आपल्या वाडवडिलांना त्रासनखात्यात काम मिळत असे. साचाखात्याचे दार मात्र त्यांना बंद होते. कारण काय? कांडी संपली की नव्या कांडीचा धागा विणकराने धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावयाचा, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा इतर विणकरांना चालत नसे! अधिक मजुरीचे काम विटाळाच्या नावाखाली असे राखून ठेवले गेले. साच्यापाशी उभे राहिल्यावाचून कसब येत नाही. तेथे उभे राहू द्यावयाचे नाही आणि वर म्हणावयाचे, यांच्या अंगी कसबच नाही! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

पुढे गिरण्याही गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर एकेक भोंगा मुका झाला. त्या जमिनींवर आज आलिशान बाजार, कचेऱ्या व मनोरे उभे आहेत. विकास नियंत्रण नियमावलीचा ५८ वा नियम २००१ साली दुरुस्त झाला आणि जमिनीची वाटणी मोकळ्या जागेपुरतीच उरली, हे सर्वश्रुत आहे. त्याच नियमातील नोकरीविषयीचे कलम मात्र फारसे कोणी उघडून पाहिले नाही. या जागांवरील नव्या उद्योगांनी काम गमावलेल्या कामगारास किंवा त्याच्या कुटुंबातील एकास अग्रक्रमाने नोकरी द्यावी, असे ते कलम म्हणते. पण केव्हा? आवश्यक पात्रता वा कौशल्य असेल तेव्हा! ते शिकविण्याचे काम सरकारी यंत्रणेने औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसारख्या संस्थांकडून करवून घ्यावे, उद्योगांच्या अर्थसाहाय्याने. तेही शक्य तितपत.

शक्य तितपत! चटईक्षेत्र देताना हा शब्द कोणी वापरतो काय? ते चौरस फुटांत मोजून दिले जाते. मोघमपणा आठवतो तो कामगाराच्या मुलाला शिकविण्याचा खर्च आला म्हणजेच. धोटा गेला, 'पात्रता' आली, दार तेच.

आणि मुलगा शिकावयास गेला, तर तितके महिने घरची चूल कशावर पेटावयाची? फी माफ केल्याने तेवढे भागत नाही, विद्यावेतन लागते. म्हणून आमची मागणी ही, की गिरणीच्या जमिनीवरील प्रत्येक बांधकामावर चौरस फुटामागे प्रशिक्षणाची रक्कम ठरवावी, ती भरल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, आणि किती मुले शिकली, कितींना कोठे काम मिळाले, याची यादी दरवर्षी वॉर्ड कचेरीच्या भिंतीवर मराठीत लावावी.