शटल उडेल, शब्द सुटेल?

मूल तोतरे बोलू लागले की घराला सल्लागारांचा तोटा राहत नाही. पूर्वी आजी वेखंड उगाळून जिभेला लावायची. शेजारचे काका जिभेखाली खडे ठेवून मोठ्याने वाचायला सांगायचे. (खड्यांचा हा उपाय थेट प्राचीन ग्रीसमधल्या डेमॉस्थेनिस या वक्त्याच्या नावावर सांगितला जातो, म्हणजे काका तसे बहुश्रुतच म्हणायचे!) आता वेखंडाची जागा क्रीडासंकुलाने घेतली आहे. 'त्याला बॅडमिंटनला घाला, लक्ष एकाग्र होईल आणि जीभही सुटेल,' असे आईबापांना सांगणारे भेटतात. कुणी टेबल टेनिसचे नाव घेतो, कुणी टेनिसचे. सुट्टीतल्या शिबिराची फी भरली जाते आणि चार आठवड्यांनी आई हळूच विचारते, 'अजून अडखळतोच हो, असं कसं?'

या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसरा अर्धा फार जपून घ्यायला हवा. आणि तरीही तोतऱ्या मुलाच्या हाती रॅकेट जरूर द्यावी, असे माझे मत आहे. फक्त कारण निराळे आहे.

आधी एक घोळ निस्तरू. आपण तोतरे आणि बोबडे हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. 'र'चा 'ल' करणारे मूल बोबडे. तोतऱ्या मुलाला अक्षर येत असते, काय म्हणायचे तेही पक्के ठाऊक असते. पण शब्द दाराशी येऊन अडतो. 'प-प-प' होते, 'साऽऽ' लांबतो किंवा तोंड उघडे राहून आवाजच फुटत नाही. शंभरातल्या सुमारे पाच मुलांना बालपणी कधी ना कधी हा अनुभव येतो. सुरुवात बहुधा दोन ते पाच या वयात होते. त्यांतली बहुसंख्य मुले पुढे आपोआप किंवा थोड्या मदतीने मोकळी बोलू लागतात. प्रौढांमध्ये हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उरते आणि त्यांत पुरुष स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक असतात. हा बुद्धीचा दोष नव्हे, भित्रेपणाही नव्हे. बोलण्याच्या हालचाली ठरल्या क्षणी सुरू करणारी मेंदूतली यंत्रणा अशा मुलांत थोडी वेगळी चालते, असे आजचे संशोधन सांगते. आनुवंशिकतेचाही त्यात मोठा वाटा आहे.

'ठरल्या क्षणी' हे शब्द आले की खेळाची आठवण होणे साहजिक आहे. शटल येते, क्षण साधावा लागतो, हात फिरतो; पुन्हा शटल येते. जणू एक तालच. आणि तालाने तोतरेपणा कमी होतो, हे तर आपण घरोघर पाहतो. वर्गात स्वतःचे नाव सांगताना घामाघूम होणारा मुलगा गणपतीपुढे आरती मात्र सर्वांबरोबर घडाघडा म्हणतो. पाढे एका सुरात म्हणतानाही तो अडत नाही. परंतु हा परिणाम ताल चालू असेतोवरच टिकतो. आरती संपली, प्रसाद वाटताना कुणी 'बाळ, नाव काय तुझं?' विचारले की पुन्हा तीच अडचण. कोर्टावर एक तास शटल मारले म्हणून दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला धडा सुरळीत वाचला जाईल, ही अपेक्षा म्हणूनच भाबडी ठरते.

याचे इतिहासातले सर्वांत ठळक उदाहरण राजघराण्यातले आहे. इंग्लंडचे पुढे राजे झालेले सहावे जॉर्ज लहानपणापासून तोतरे. जन्माने डावखुरे, पण त्यांना सक्तीने उजव्या हाताने लिहायला लावले गेले. (तोतरेपणाचे मूळ त्या सक्तीतच आहे, असे त्या काळी अनेक जाणकार मानत, आज तसे ठामपणे म्हटले जात नाही.) टेनिस मात्र ते डाव्या हाताने खेळत, आणि चांगले खेळत. १९२० साली लुई ग्रेग या मित्राबरोबर त्यांनी हवाई दलाच्या स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद मिळवले. १९२६ साली हीच जोडी विम्बल्डनमध्ये उतरली. समोर आर्थर गोर आणि रोपर बॅरेट, दोघांचेही वय पन्नाशीच्या पुढे. या बुजुर्गांनी पहिल्याच फेरीत राजपुत्राला सरळ सेटमध्ये घरी पाठवले. म्हणजे विम्बल्डनपर्यंत पोहोचण्याइतके टेनिस अंगात होते, पण जीभ सुटली नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन वाणीतज्ज्ञाकडे गेले, श्वासाचे आणि उच्चाराचे व्यायाम नेटाने केले आणि मे १९२७ मध्ये कॅनबेरात ऑस्ट्रेलियाच्या नव्या संसदभवनाच्या उद्घाटनाचे भाषण त्यांनी पार पाडले. २०१० च्या 'द किंग्ज स्पीच' या चित्रपटामुळे लोग सर्वांना ठाऊक झाले. विम्बल्डनचा तो सामना मात्र फारसा कुणाला माहीत नाही.

मग लक्ष एकाग्र होते, ते तरी खरे का? बऱ्याच अंशी होय. टेबल टेनिसच्या नऊ फुटी टेबलावर चेंडू कुठे पडेल, त्याला फिरकी कोणत्या बाजूची आहे आणि आपण काय करायचे, हे निमिषार्धात ठरवावे लागते. शिवाय मारायला निघालेला हात ऐनवेळी आवरावाही लागतो. तैवानमध्ये लक्ष न टिकणाऱ्या, अतिचंचल मुलांना बारा आठवडे टेबल टेनिस शिकवून पाहिले, तेव्हा त्यांच्या हालचालींत आणि मन आवरण्याच्या क्षमतेत सुधारणा दिसली. ही मुले तोतरी नव्हती आणि त्यांची संख्याही थोडी होती, हे विसरू नये. तोतऱ्या मुलांपैकी काहींचे लक्षही चंचल असते, आणि अशा मुलांना वाणीचे व्यायाम नीट करता येत नाहीत. त्यांना खेळाचा उपयोग या वळणाने होऊ शकेल. पण वळण ते वळणच.

खरा लाभ मला दुसरीकडे दिसतो. तोतऱ्या मुलाचा दिवस कसा जातो, याची कल्पना करा. हजेरीत आपला क्रमांक जवळ येऊ लागला की पोटात गोळा येतो. किराणा दुकानात जे हवे ते न मागता, ज्याचे नाव तोंडातून निघेल ते मागितले जाते. मधल्या सुट्टीत नकला होतात. आपल्या नाटक-सिनेमांनी तर तोतऱ्या पात्रावर पिढ्यान् पिढ्या हशा वसूल केला आहे. अशा मुलाला दिवसातून एक तास असा हवा, जिथे त्याचे मोल जिभेवर ठरत नाही. क्रिकेटमध्ये हे साधत नाही. तासभर लाँग-ऑनला उभे राहायचे आणि वर शेरेबाजी ऐकायची! रॅकेटच्या खेळात दर दोन सेकंदांनी पाळी येते. समोरचा तुमच्याकडेच पाहत असतो, तुम्ही दिलेल्याला उत्तर देत असतो. हा एक संवादच आहे, फक्त शब्दांवाचून. ज्याच्याशी वर्गात कुणी दोन वाक्ये बोलत नाही, त्याला 'उद्या येतोस ना?' असे विचारणारा जोडीदार इथे मिळतो. मित्र मिळाला की बोलण्याचे निमित्त मिळते, आणि अडखळत का होईना, बोलत राहणे हीच अर्धी लढाई असते.

हे सारे मातीमोल करण्याचा सोपा मार्गही आहे: खेळाला औषध बनवणे. कोर्टाच्या कडेला बसून 'सावकाश बोल, श्वास घे, पुन्हा म्हण' असे सांगणारे पालक मुलाची ती एकमेव मोकळी जागाही हिरावून घेतात. सतत चूक दाखवण्याने काय होते, याचा एक भयंकर दाखला आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातर्फे १९३९ साली अनाथालयातल्या २२ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही 'तू तोतरा आहेस' असे बजावून प्रत्येक अडखळण्यावर बोट ठेवले गेले. ती मुले तोतरी झाली नाहीत. पण बुजली, बोलायलाच नाखूश झाली. विद्यापीठाने त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २००१ साली.

तेव्हा वाणीचे काम वाणीतज्ज्ञाकडेच. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयात विभाग आहे; म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था तर देशभर प्रसिद्ध आहे. तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ मिळणे अवघड, हे खरेच आणि ते लाजिरवाणेही आहे. जिथे बॅडमिंटनचे सभागृह बांधायला पैसा निघतो, तिथे आठवड्यातून एक दिवस वाणीतज्ज्ञ बोलावायला तो का निघू नये? पाच वर्षांखालच्या मुलाचे अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले किंवा बोलताना ते डोळे मिटू, मान झटकू लागले, तर 'मोठा झाला की जाईल' म्हणत थांबू नये.

प्रशिक्षकांशी मात्र पहिल्याच दिवशी बोलून ठेवावे. विशेषतः गुण मोजण्याबद्दल. अडणारा शब्द टाळून दुसरा वापरणे, ही तोतऱ्या मुलाची नेहमीची युक्ती. पण आकड्याला पर्याय नसतो. 'पंधरा'ला दुसरा शब्द कुठून आणणार? म्हणून पहिले काही आठवडे गुणफलक उलटायचे काम त्याला द्यावे, ओरडायचे नको. पुढे त्याने होऊन सांगायला सुरुवात केली, तर ज्याची सर्व्हिस त्यानेच गुण पुकारायचे हा रिवाज त्यालाही लागू करावा. 'पंधरा-तेरा' म्हणायला त्याला दहा सेकंद लागले, तर समोरच्याने रॅकेट खाली धरून दहा सेकंद उभे राहावे, आणि आकडा त्याच्याऐवजी कुणीही पुरा करू नये.