एक वाक्य आणि एक सही

जून २००७ मधली गोष्ट. आम्ही धुळ्याला नात्यातल्या एका लग्नघरी होतो. ओट्यावर एकच वर्तमानपत्र हातोहात फिरत होते. राजस्थानच्या राज्यपाल आणि राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार प्रतिभाताई पाटील उदयपूरच्या एका भाषणात म्हणाल्या होत्या की, मोगलांच्या आक्रमणापासून स्त्रियांचे रक्षण व्हावे म्हणून पडद्याची चाल सुरू झाली. आता ती सोडायला हवी. घरातल्या वडीलधाऱ्या खाला चष्मा काढून ठेवत म्हणाल्या, "आपल्या जळगावची बाई, अन् तिनेही आपल्यालाच बोल लावावा?"

खालांचे दुःख खोटे नव्हते. बाबर पानिपतावर आला १५२६ मध्ये. त्याच्या कितीतरी शतके आधी लिहिलेल्या कालिदासाच्या नाटकात शकुंतला दुष्यंताच्या दरबारात येते ती चेहऱ्यावर पदर ओढूनच. तेव्हा ही चाल मोगलांच्या खाती टाकणे इतिहासाला धरून नव्हते. इतिहासकारांनी ते सांगितले, मुस्लिम संघटनांनी निषेध केला. तो करायलाच हवा होता.

पण त्या दिवशी लग्नघरात एक दुसरी गोष्ट कोणालाच आठवली नाही. आम्हालाही नाही.

वर्षभरापूर्वी, २००६ मध्ये, राजस्थान विधानसभेने धर्म स्वातंत्र्य विधेयक मंजूर केले होते. नाव स्वातंत्र्याचे, पण रोख धर्मांतर रोखण्यावर. बळजबरी, आमिष, फसवणूक हे शब्द कायद्यात सैलसर आले की कोणाच्याही दारात पोलीस उभे राहू शकतात, अशी अल्पसंख्याकांना भीती होती. विधेयक सहीसाठी राज्यपालांकडे गेले. प्रतिभाताईंनी सही केली नाही. धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काला यातून बाधा येते, असे कारण देऊन त्यांनी ते परत पाठवले. सरकार दुसऱ्या पक्षाचे होते, टीका झाली, तरी त्यांनी हे केले.

वाक्य आमच्या घराघरांत पोहोचले. न केलेली सही पोहोचली नाही. म्हणून या बाई कोण, कुठून आल्या, हे आम्ही पुढे नीट वाचायला घेतले.

जन्म १९ डिसेंबर १९३४, बोदवडजवळचे नाडगाव. वडील नारायणराव पाटील वकील. शिक्षण जळगावच्या आर. आर. विद्यालयात आणि मू. जे. महाविद्यालयात, पुढे कायद्याची पदवी मुंबईत. महाविद्यालयात टेबल टेनिस गाजवले. १९६२ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या. लग्न झाले त्यानंतर तीन वर्षांनी, १९६५ मध्ये, अमरावतीच्या देवीसिंह शेखावत यांच्याशी. म्हणजे आमदारकी आधी, सासर नंतर!

१९६७ पासून एदलाबाद, म्हणजे आजच्या मुक्ताईनगर मतदारसंघातून त्या सलग चार वेळा निवडून गेल्या. आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण, गृहनिर्माण अशी खाती सांभाळली; १९७९ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. पुढे राज्यसभा, तिथले उपसभापतिपद, १९९१ मध्ये अमरावतीची खासदारकी, २००४ मध्ये राजस्थानचे राज्यपालपद. आणि २५ जुलै २००७ रोजी, भैरोसिंह शेखावत यांना हरवून, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती.

आशियातल्या इतर देशांकडे पाहा. फिलिपिन्सच्या कोराझोन अक्विनो १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्याच्या तीन वर्षे आधी त्यांच्या नवऱ्याची मनिलाच्या विमानतळावर गोळ्या घालून हत्या झाली होती. श्रीलंकेच्या सिरिमाओ बंदरनायके पतीच्या हत्येनंतर पुढे आल्या, बेनझीर भुत्तो वडिलांच्या फाशीनंतर. त्या साऱ्या हिमतीच्या बाया. पण दार उघडले ते घरातल्या मृत्यूने. आमच्या खान्देशच्या लेकीला दार उघडले ते जळगावच्या मतपेटीने.

म्हणून सारेच गोड, असे आम्ही म्हणणार नाही. पक्षनिष्ठेमुळेच राष्ट्रपतिपद मिळाले, असे म्हणणारे होते. त्यांच्या नावाने जळगावात निघालेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला, हेही खरे. तराजू हातात घेतला की ही वजनेही पारड्यात टाकावीच लागतात.

आमचे सांगणे एवढेच. मापात मारू नये, ही शिकवण आपण किराणा दुकानापुरती ठेवतो. माणसे तोलतानाही तीच लागते. नेत्याचे एक वाक्य बोचले तर बोचले म्हणावे, उत्तरही द्यावे. पण त्याने कशावर सही केली आणि कशावर केली नाही, हेही घरात बोलले जावे. भाषण दुसऱ्या दिवशी विरते. कायदा मात्र पोरा-नातवंडांच्या दारापर्यंत येतो.

आणि सहीचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरातलेही पाहू. महाराष्ट्रात पालिका-पंचायतींत निम्म्या जागा आता महिलांच्या. भुसावळ असो की धुळे, आमच्या बहिणी-सुनाही तिथे निवडून जातात. पण कित्येक ठिकाणी वॉर्डात फिरतो नवरा, फोन घेतो दीर, आणि कागद शेवटी बाईंसमोर येतो तो फक्त सहीपुरता. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तो कागद तिने आधी वाचावा, पटला नाही तर परत पाठवावा, इतके तरी तिला घरच्यांनी करू द्यावे. त्यासाठी मुलीला दहावीनंतर घरी बसवू नये. शिकलेली बाईच कागद वाचून "नाही" म्हणू शकते.

खाला आता हयात नाहीत. ती दुसरी बातमी त्या दिवशी आम्हाला ठाऊक असती तर त्यांना वाचून दाखवली असती. राग त्यांचा तसाच राहिला असता कदाचित, पण "असं होय?" एवढे तरी त्या म्हणाल्याच असत्या.