कापलेली तिसरी तार

मार्च अर्धा सरला की नागपूरच्या जरीपटक्याच्या गल्ल्यांत कूलर खाली उतरतात. गच्चीवर किंवा जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेला लोखंडी डबा धुतला जातो, जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसवल्या जातात, पंप बादलीत बुडवून चालतो का ते पाहिले जाते आणि खिडकीबाहेरच्या स्टँडवर कूलर चढतो. या सगळ्या तयारीत एक गोष्ट सहसा कुणी पाहत नाही. कूलरपासून बोर्डापर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये तारा दोन आहेत की तीन?

मग एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या वर्तमानपत्रांत तीच चार ओळींची बातमी येते. कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का, जागीच मृत्यू. कधी घरातली बाई असते, कधी शाळेला सुटी लागलेले मूल. पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते. महावितरण तीन पिनांचा प्लग वापरा, पाणी भरण्याआधी वीजपुरवठा बंद करा, असे आवाहन करते, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करते. ‘आकस्मिक’ हा शब्द आम्हाला मान्य नाही. दर वर्षी त्याच महिन्यांत, त्याच यंत्रामुळे आणि त्याच कारणाने घडणारी गोष्ट आकस्मिक नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने १२ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यातली किती अर्थिंग नसल्यामुळे गेली याचा रकानाच त्या तक्त्यात नाही, आणि आमची पहिली तक्रार तिथूनच सुरू होते.

कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो म्हणजे काय होते? पंप पाण्यात असतो, मोटर दमट हवेत. दोन-तीन उन्हाळ्यांत मोटरच्या गुंडाळीवरचे किंवा पंपाच्या वायरवरचे आवरण कुठेतरी फाटते आणि फेज लोखंडी अंगाला लागतो. कूलर मात्र चालूच राहतो, थंड हवा येत राहते, म्हणून कुणाला काही कळत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून हातात पाण्याचा पाइप धरलेल्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्या छातीतून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडवायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. आणि १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह म्हणजे काहीच नाही, पाव अँपिअरसुद्धा नाही. ‘घरात एमसीबी आहे ना, मग काळजी कशाची’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. एमसीबी तारेला वाचवतो. माणसाला वाचवणे हे त्याचे काम नाही.

माणसाला वाचवते ती तिसरी, अर्थिंगची हिरवी तार, आणि नेमकी तीच कापली जाते. कूलरच्या दुकानात दोन कोअरची केबल स्वस्त पडते म्हणून ती लावली जाते. तीन कोअरची असली तरी घरातल्या सॉकेटमध्ये वरचे जाड भोक नुसते शोभेचे असते, मागे काही जोडलेलेच नसते. तीन पिनांचा टॉप जुन्या बोर्डात बसत नाही म्हणून वरची पिन काढून टाकणारे महाभागही आहेत. पूर्वी पाण्याच्या नळाला तार बांधून अर्थिंग झाले असे मानत. आता नळ प्लास्टिकचे झाले तरी ती तार तशीच लोंबते आहे. याहून घातक प्रकार म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग एका तुकड्याने जोडून देणे. टेस्टरने पाहिले तर सगळे ठीक दिसते. ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटतो, त्या दिवशी त्या सॉकेटवरच्या फ्रिज, गिझर, कूलर अशा प्रत्येक धातूच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. ही सोय माणूस मारण्याची आहे. हे करणाऱ्याला कारागीर म्हणणे आम्हाला जड जाते.

ज्यांच्या घरी अर्थिंगचा खड्डा आहे त्यांनीही निश्चिंत राहू नये. अर्थिंगसाठीचे भारतीय मानक आहे आयएस ३०४३. त्यात नळीच्या इलेक्ट्रोडची लांबी किमान अडीच मीटर आणि इमारतीपासूनचे अंतर किमान दीड मीटर सांगितले आहे. जरीपटक्याच्या दाट वस्तीत, जिथे भिंतीला भिंत लागून घरे आहेत, तिथे दीड मीटर मोकळी जमीन किती जणांकडे आहे? त्यामुळे नळी दोन-चार फुटांवर थांबते, वर सिमेंट ओतले जाते आणि खड्डा झाला असे सांगितले जाते. नागपूरच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसाळ्यात ती ओली, चिकट, वीज चांगली वाहून नेणारी. मे महिन्यात तीच माती सुकून भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. म्हणजे कूलर रात्रंदिवस चालण्याचे आणि अर्थिंग सर्वांत कमकुवत होण्याचे महिने एकच आहेत. ऑगस्टमध्ये केलेले मोजमाप मे महिन्यात कामाचे नाही.

आता हे आकडे पाहा. खड्ड्याचा रोध ५ ओहम असेल, तर दोष निर्माण झाल्यावर जास्तीत जास्त ४६ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. घरोघरी लावल्या जाणाऱ्या सी प्रकारच्या १६ अँपिअर एमसीबीला झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला तो पडेल, पण काही सेकंद घेऊन. उन्हाळ्यात तोच रोध २० ओहमवर गेला तर प्रवाह साडेअकरा अँपिअर, आणि तो एमसीबी तासन् तास वाहू देईल. तोवर कूलरचा पत्रा जिवंतच. म्हणून हिरव्या तारेच्या जोडीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही की ती ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. अर्थिंग धड असेल तर पत्र्याला कुणी हात लावण्याआधीच ती पडते. एका चांगल्या कूलरपेक्षा कमी किमतीत ती मिळते. नव्या इमारतींत ती बसवली जाते, पण ‘सारखी पडते’ म्हणून ती काढून टाकण्याचे सल्लेही इथेच दिले जातात. ती पडते याचा अर्थ घरात कुठेतरी वीज गळते आहे. गळती शोधायची सोडून पहारेकऱ्याला हाकलून देणारी माणसे आपल्या लेकरांच्या जिवाशी खेळत आहेत.

तारेच्या जाडीचा प्रश्नही याच उन्हात तापतो. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांनी ही वस्ती उभारली. हळूहळू घरांवर मजले चढले. खाली दुकान, वर माल, त्याच्यावर संसार, आणि कुठे एखादी खोली भाड्याने. जी वायरिंग चार बल्ब आणि दोन पंख्यांसाठी टाकली होती, तिच्यावर आता एसी, गिझर, शिलाई मशीन आणि तीन कूलर आहेत. दिव्यांना दीड, पॉवर सॉकेटला अडीच, एसी-गिझरला चार चौरस मिलिमीटर तांब्याची तार हा साधा दंडक आहे. पण पीव्हीसी आवरणाच्या तारेची क्षमता ४० अंश तापमान गृहीत धरून दिलेली असते, आणि तिचे आवरण ७० अंशांपर्यंतच टिकते. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश अनुभवले आहेत. तापलेल्या स्लॅबमधल्या पाइपात तापमान ५० अंशांवर गेले की तारेची क्षमता जवळपास पाचव्या हिश्श्याने घटते. एका पाइपात सात-आठ तारा कोंबल्या तर आणखी घटते. पुण्या-नाशकात चालून जाणारे माप इथे चालेलच असे नाही. इथला इलेक्ट्रिशियन हे जाणून तार निवडतो की दुकानदार देईल ती टाकतो, यावर आग ठरते.

आणि दुकानदार देतो ती तार तरी खरी असते का? पीव्हीसी तारांना आयएस ६९४ हे मानक लागू आहे, २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने आयएसआय चिन्ह बंधनकारकही झाले आहे. तरीही तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आणि आत तांबे कमी असलेली ‘अडीच एमएम’ बाजारात खपते. ग्राहकाला प्रयोगशाळेची गरज नाही, वजनकाटा पुरे. अडीच चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर बंडलात नुसते तांबेच जवळपास दोन किलो असायला हवे. त्यावर आवरणाचे वजन वेगळे. संपूर्ण बंडलच दोन किलोच्या खाली भरत असेल तर ते परत करा.

जरीपटक्याजवळच्या सुगतनगरात २०१७ मध्ये उच्चदाब वाहिनीचा धक्का लागून दोन जुळे भाऊ गेले, तेव्हा शहर हादरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, वाहिन्यांलगतच्या बांधकामांची मोजदाद सुरू झाली. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली, तेव्हा राज्यभर रुग्णालयांच्या विद्युत तपासणीचे आदेश निघाले. दोन्ही वेळी सरकार जागे झाले, पण मृत्यू एकाच जागी, एकाच वेळी झाले म्हणून. कूलरचे मृत्यू एकेकटे येतात, वेगवेगळ्या घरांत येतात. त्यामुळे कोणतीही समिती बसत नाही.

नियम नाहीत असे कुणी म्हणू नये. वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराने आणि पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे, पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टर्मिनल द्यावे, ही बंधने केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतच आहेत. वायरिंगसाठी आयएस ७३२ आहे. प्रत्यक्षात नवी जोडणी घेताना टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का होतो, आणि तो कागद फाइलमध्ये गेला की त्या घराचे अर्थिंग पुन्हा कुणी मोजत नाही. घरमालक म्हणतो कूलर भाडेकरूचा आहे, भाडेकरू म्हणतो वायरिंग मालकाची आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. विद्युत निरीक्षक आणि महावितरण यांनी पत्रके वाटण्यावर न थांबता येत्या उन्हाळ्याआधी जरीपटका, इंदोरा, मेकोसाबाग या दाट वस्त्यांत घरोघरी जाऊन अर्थिंग मोजावे. मनुष्यबळ नाही ही सबब चालणार नाही. आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्री शिकणाऱ्या मुलांच्या हाती मोजयंत्र द्या, सोबत परवानाधारक पर्यवेक्षक द्या. ज्या घरात जागा नाही तिथे गल्लीसाठी सामाईक खड्डे खणून, त्यांचा रोध मे महिन्यात मोजून फलकावर लिहा. दोन कोअरच्या केबलसह कूलर विकण्यावर बंदी घाला आणि विक्रेत्याला जबाबदार धरा. कूलरच्या प्रत्येक मृत्यूच्या पंचनाम्यात अर्थिंग होते का, आरसीसीबी होती का, हे दोन प्रश्न सक्तीचे करा.

आणि वाचकहो, सरकारची वाट पाहू नका. या रविवारी कूलरची केबल हातात घ्या. आत हिरवी तार आहे का, ती पत्र्याला घट्ट कसलेली आहे का, बोर्डातल्या अर्थिंगच्या भोकामागे खरोखर काही आहे का, हे परवाना असलेल्या तारतंत्र्याकडून तपासून घ्या. मग आरसीसीबीवरचे ‘टी’ लिहिलेले बटण दाबा. ती पडली नाही, किंवा घरात ती नसेलच, तर ती बसेपर्यंत कूलर लावू नका.